यंत्र धुवायचं ते कशासाठी?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या नाकावर हा वळ कसला?" विषयाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण मी खरं ते सांगून टाकलं. रात्री मास्क लावून झोपते, त्याचा वळ. मग गंमत अशी झाली, की चहाच्या वेळी माझ्या व्याख्यानावर बोलायला दोघं आले आणि मास्कवर बोलायला अकरा जण. कोणाच्या वडिलांना सी-पॅप यंत्र दिलेलं, कोणाच्या बहिणीला, कोणाचं स्वतःचंच. आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता : हे यंत्र घरी निर्जंतुक कसं करायचं? संयोजक म्हणाले, पुढचं व्याख्यान यावरच द्या. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर आहे ती तत्त्वज्ञानातली. ते म्हणाले, चालेल.

तेव्हा आधीच सांगते. मी सहा वर्षं हे यंत्र वापरणारी बाई म्हणून बोलणार आहे. तुमच्या यंत्रासोबत आलेली पुस्तिका आणि तुमचे डॉक्टर यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. एवढं मात्र आहे, की प्रश्न नीट विचारला गेलाय का, हे तपासणं हा माझा चाळीस वर्षांचा धंदा होता. आणि इथे प्रश्नातच थोडी चूक आहे, असं मला माझ्या स्वतःच्या चुकीवरून कळलंय.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात. काहींचे मात्र इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो, एक मोठा घोरल्यासारखा आवाज होतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. याला म्हणतात स्लीप ॲप्निया. श्वासाचा खंड किमान १० सेकंदांचा असेल तर तो मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी असतील तर काळजी नाही, १५ च्या पुढे मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. माझे ३४ होते. बायका कुठे घोरतात, असा आपल्याकडे समज आहे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हा आजार वाढतो, हे मला माहीत नव्हतं. दुपारी पुस्तक हातात घेतलं की मान पडायची, रक्तदाब वाढलेला, आणि या सगळ्याचं खापर मी वयावर फोडत होते.

यावरचा उपाय फार साधा आहे. १९८१ साली सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरच्या उपचाराची हकिगत छापली. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडायची. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसा घसाही त्या हवेमुळे मिटत नाही. घरच्या यंत्रात हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. यंत्रात औषध काही नाही. आपल्याच खोलीतली हवा ते ओढतं, फिल्टरमधून गाळतं, हवं तर पाण्याच्या टाकीवरून नेऊन ओलसर करतं, आणि नळी आणि मास्क यांतून आपल्याला देतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. या यंत्रात जे काही असेल, ते सात-आठ तास थेट तुमच्या छातीत जातं. सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे.

आता माझी चूक. यंत्र घरी आलं तेव्हा मी फार उत्साहात होते. वाटलं, नाकातोंडाशी लावायची वस्तू, ती कडक स्वच्छ हवी. घरात ते तपकिरी जंतुनाशक असतंच, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं. जखम धुवायला, फरशी पुसायला, बाळंतिणीच्या कपड्यांना, आपल्या घरांत सगळ्यावर तेच. मी मास्क त्यात बुडवायची, नळीतून ते फिरवायची, आणि पाण्याच्या टाकीतही अर्धं झाकण घालायची. आठ-दहा दिवसांत घसा खवखवायला लागला, कोरडा खोकला सुरू झाला. मी निष्कर्ष काढला : हे यंत्र मला सोसत नाही. ते पुसून, पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

तीन आठवडे ते कपाटात होतं. एका सकाळी माझे यजमान चहा घेता घेता म्हणाले, "अगं, काल रात्री मी घड्याळ धरून बसलो होतो. चाळीस सेकंद तू श्वास घेतला नाहीस. मी हलवणार, एवढ्यात घेतलास." पुढे काही बोलले नाहीत. कप विसळून ठेवला आणि डॉक्टरांकडची वेळ घेतली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "टाकीत काय घालता?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मॅडम, जखमेला लावायचं औषध तुम्ही रात्रभर हुंगत होतात. यंत्राचा काही दोष नाही."

त्या दिवसापासून मी विचार करते आहे, की शिकली-सवरलेली बाई असं का वागली? उत्तर मला माझ्या आजीच्या दांडीवर सापडलं. आजीचं सोवळं दांडीवर वाळत असायचं. आम्ही पोरं त्याला शिवलो की ते बाटलं, मग ते आत्ता धुतलेलं का असेना. सोवळं ही वस्तूची एक अवस्था होती, तिचा मळाशी थेट संबंध नव्हता. माझं जंतुनाशकाचं तेच झालं होतं. अर्धं झाकण ओतलं की वस्तू 'शुद्ध'. खालचा थर निघाला का, आणि जे ओतलं ते शेवटी कुठे गेलं, हे दोन्ही प्रश्न मी विचारलेच नाहीत.

तेव्हा आधी शब्द वेगळे करू. स्वच्छता म्हणजे मळ, तेल, घाम, बुळबुळ काढून टाकणं. पाणी, साबण आणि हात यांचं काम. जंतुनाशन म्हणजे उरलेल्या जंतूंपैकी बहुतेक मारणं. ते रसायनाचं किंवा उष्णतेचं काम. आणि निर्जंतुकीकरण म्हणजे एकही जिवंत जंतू न ठेवणं. ते रुग्णालयातल्या खास यंत्रांचं काम, घरी होत नाही आणि लागतही नाही. गेल्या शतकात अर्ल स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने रुग्णालयातल्या वस्तूंची एक विभागणी केली, ती आजही वापरतात. त्याने विचारलं, वस्तू शरीरात कुठे लागते? रक्तात, मांसात जाणारी सुरी एका वर्गात. शरीराच्या आतल्या ओल्या अस्तराला लागणारी दुसऱ्या. आणि न फाटलेल्या त्वचेला टेकणारी तिसऱ्या. वर्ग ठरला की शुद्धीची पातळी ठरली. आपल्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितलेत, त्यात 'प्रयोजन' हा एक आहे. स्पॉल्डिंगने न्यायदर्शन वाचलं नसणार, पण विचारलं तेच : कशासाठी?

घरात मास्क एकच माणूस वापरतो आणि तो त्याच्याच धड त्वचेला टेकतो. त्यावरचे जंतू बहुतांशी त्याचेच. म्हणून रोजच्या वापराला साबण-पाण्याची नीट केलेली स्वच्छता पुरते. खरा शत्रू वेगळा आहे, आणि तो तुम्ही माठात पाहिलाय. माठ आठ दिवस आतून घासला नाही की बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतो. तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो. शास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरावर जंतुनाशक ओतलं तर वरचे मरतात, आतले सुखरूप राहतात. तो घासूनच काढावा लागतो, आणि पुन्हा धरू नये म्हणून वस्तू कोरडी करावी लागते. घासणं आणि वाळवणं, या दोन गोष्टींत जवळजवळ सगळं आलं.

आणि जे आपण ओततो, ते कुठे जातं? याचं एक भयंकर उदाहरण दक्षिण कोरियातलं आहे. तिथे थंडीत खोलीतली हवा ओलसर ठेवायला घरोघरी ह्युमिडिफायर लावतात. त्याच्या पाण्यात बुळबुळ होऊ नये म्हणून १९९४ पासून तिथे एक जंतुनाशक विकायला लागले. टाकीतच टाकायचं, रात्रभर चालू ठेवायचं. ही रसायनं त्वचेला लागली तर फारसं काही होत नव्हतं. पण ह्युमिडिफायरने ती बारीक थेंबांतून फुप्फुसात पोचवली. २०११ मध्ये बाळंतपणाच्या आगेमागे असलेल्या काही तरुण बायका फुप्फुसं निकामी होऊन रुग्णालयात आल्या, तेव्हा शोध सुरू झाला आणि बोट या जंतुनाशकाकडे गेलं. मृतांचा आकडा पुढे हजारावर गेला. त्यात तान्ही मुलं होती. आयांनी ते औषध मुलांच्या काळजीपोटीच टाकीत घातलं होतं.

आपल्या सी-पॅपची टाकी थोडी वेगळी आहे. ती थेंब उडवत नाही, पाणी कोमट करून त्याची वाफ देते. त्यामुळे धोका तितका नाही. पण उडून जाणारं, वास असलेलं जे जे त्यात घालाल, ते वाफेबरोबर येणारच. माझ्या घशाने त्याची साक्ष दिली. म्हणून नियम असा : जे कातडीला चालतं ते श्वासाला चालेल असं नाही. टाकीत पाण्याशिवाय काही नाही. निलगिरीचं तेल नाही, कापूर नाही, गुलाबपाणी नाही. सर्दी झाली म्हणून वाफाऱ्याचं औषध तर मुळीच नाही.

आता माझा नेमका क्रम सांगते. लिहून घ्या.

रोज सकाळी उठल्यावर यंत्र बंद करून वायर काढायची. टाकीतलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं. 'अर्धी आहे, रात्री वर भरू' हे नाही. टाकी विसळून, उपडी ठेवून वाळू द्यायची. पाणी भरलेली टाकी लावलेली असताना यंत्र उचलून न्यायचं नाही, कलंडलं की पाणी मोटरीत जातं. मग मास्कचा जो मऊ सिलिकॉनचा भाग चेहऱ्याला टेकतो, तो कोमट पाण्यात, बिनवासाच्या सौम्य साबणाने, बोटांनी चोळून धुवायचा. रात्रभरात त्यावर चेहऱ्याचं तेल बसतं, त्याने सिलिकॉन सैल पडतं आणि हवा निसटायला लागते. म्हणून झोपण्याआधी तोंड धुवायचं, आणि जिथे मास्क बसतो तिथे क्रीम, तेल, व्हॅसलीन लावायचं नाही. डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय असेल, तर पट्ट्यांचं काय होतं ते तुम्हालाच दिसेल.

आठवड्यातून एकदा, मी रविवारी करते, नळी, टाकी आणि डोक्याचे पट्टे धुवायचे. नळीत साबणाचं कोमट पाणी भरायचं, दोन्ही टोकं धरून मागेपुढे हलवायचं, ओतायचं, आणि साबणाचा वास पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. मग न्हाणीघरातल्या टॉवेलच्या दांडीवर दोन्ही टोकं खाली येतील अशी टाकायची. काही नळ्यांमध्ये गरम करणारी तार असते. त्या कशा धुवायच्या हे पुस्तिकेत बघा. उन्हात मात्र नाही. आपल्याला वाटतं, ऊन म्हणजे सगळ्यात मोठं जंतुनाशक. पण सिलिकॉन आणि प्लॅस्टिक उन्हाने कडक होतं, तडकतं. सावलीत, वारा लागेल असं. पावसाळ्यात नळी दिवसभरात वाळत नाही. अशा वेळी ती यंत्राला जोडून, मास्क न लावता, थोडा वेळ नुसती हवा सोडली की आतले थेंब जातात. यंत्र स्वतः मात्र कधी पाण्याखाली धरू नका. वायर काढून ओलसर फडक्याने पुसलं, संपलं.

पाणी कुठलं? डिस्टिल्ड. आपल्याकडे, विशेषतः बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत, गिझरच्या कॉइलवर काय थर चढतो ते आठवा. तोच टाकीत चढतो. 'उकळून घेतलं तर?' असं बरेच जण विचारतात. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. एखाद्या रात्री डिस्टिल्ड पाणी संपलं, तर उकळून गार केलेलं पाणी घाला, किंवा टाकी रिकामी ठेवून ह्युमिडिफायर बंद करा, पण यंत्र लावून झोपा. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी मात्र आणू नका. ते बॅटरीसाठी केलेलं असतं, माणसासाठी नाही.

टाकीवर पांढरा थर बसलाच, तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग घालून अर्धा तास ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. काही कंपन्या याहून पातळ करायला सांगतात, तसं करा. व्हिनेगर क्षार काढतं, तेवढंच त्याचं काम धरा. जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नका.

फिल्टर. पांढरा, कागदासारखा असतो तो धुवायचा नाही, फेकायचा. साधारण महिन्याने, आणि काळा पडला तर त्याआधीच. काही यंत्रांत काळा स्पंजचा फिल्टर असतो, तो धुऊन पूर्ण वाळवून परत बसवतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला बघा. आणि यंत्राजवळ उदबत्ती, धूप, डासांची कॉइल लावू नका. फिल्टर धूळ अडवतो, धूर आणि वास सगळा अडवत नाही.

आता त्या पेट्या. जाहिराती तुम्ही बघितल्या असतील. मास्क पेटीत ठेवा, बटण दाबा, ओझोन किंवा अतिनील किरण सगळे जंतू मारतील, धुवायला नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२० मध्ये लोकांना सांगितलं की सी-पॅपसाठी विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना आम्ही मान्यता दिलेली नाही. कारणं समजून घेण्यासारखी आहेत. ओझोन जंतू मारतो, कारण तो जे भेटेल त्याला जाळत सुटतो. जंतू मरतील इतका ओझोन फुप्फुसालाही घातक असतो, आणि तो नळीत, यंत्रात मागे राहू शकतो. खोकला, डोकेदुखी, दम्याचा झटका अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. अतिनील किरणांची अडचण वेगळी : प्रकाश वळत नाही. सावलीत, नळीच्या घड्यांत तो पोचतच नाही. पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रं परत मागवली. आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता होती. ओझोनच्या सफाईने ती झीज वाढू शकते, हेही कंपनीने तेव्हा सांगितलं. मळ काढायचा कंटाळा विकत घेऊन देणारी पेटी आणि तीही छातीच्या जिवावर. माझं मत विचाराल तर नको.

मग जंतुनाशन कधीच लागत नाही का? लागतं. यंत्र दुसऱ्याने वापरलेलं असेल, घरातच एकाचं दुसऱ्याला द्यायचं असेल, तर मास्क, नळी, फिल्टर नवीन घ्या आणि यंत्र विक्रेत्याकडून किंवा सेवाकेंद्रातून तपासून घ्या. शक्य तर वापरलेलं यंत्र डॉक्टरांना न विचारता घेऊच नका. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी केलेली आहे, उदाहरणार्थ केमोथेरपी किंवा अवयवरोपण झालेले, त्यांनी डॉक्टरांकडून वेगळ्या सूचना घ्याव्या. छातीचा संसर्ग झाला असेल तर तेवढ्या दिवसांत नळी-टाकीही रोज धुवा, बरं झाल्यावर फिल्टर बदला.

शेवटी एक प्रश्न, जो मागच्या वेळी एका मुलीने मला विचारला होता. तिच्या वडिलांनी यंत्र बंद केलंय. ते म्हणतात, "रोज एवढं धुवायचं कोण? आणि नाही धुतलं तर जंतू जाणार. त्यापेक्षा नकोच." त्या मुलीला मी आज उत्तर देते. वडिलांना सांग, रोजचं काम पाच मिनिटांचं आहे, दाढीच्या वेळी होतं. आणि एखाद्या दिवशी राहून गेलं, तर पाणी तेवढं बदला आणि यंत्र लावून झोपा. न धुतलेल्या मास्कने एखाद्या रात्री फार तर नाकाशेजारी पुळी येईल. कपाटातलं यंत्र कितीही स्वच्छ असलं तरी त्याने श्वास चालू राहत नाही. नसेल जमत, तर सुरुवातीला तू धुऊन दे. आमच्याकडे रविवारची नळी आता यजमान धुतात. मी सांगितलेलं नाही. घड्याळ धरून बसण्यापेक्षा हे सोपं आहे, म्हणतात.